गोव्याहून गोल्फ खेळायला बाहेर पडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या समुद्रकाठच्या छोट्या कोर्सवर हात बसलेला आणि आता पुणे, बंगळूर, कोलंबो किंवा स्कॉटलंडला निघालेला खेळाडू साधारण हेच प्रश्न विचारतो. स्विंगचे धडे इथे नाहीत. नवीन कोर्सवर जास्तीचे फटके बहुतेक वेळा स्विंगमुळे जात नाहीत. चेंडू जमिनीला टेकल्यावर काय करणार याचा अंदाज चुकल्यामुळे ते जातात, म्हणून बरीचशी उत्तरं जमिनीबद्दल आहेत.

गोव्यात खेळायला नेमकं काय आहे?

काणकोणला राजबाग किनाऱ्यावर, तळपण नदीच्या मुखाजवळ द ललित रिसॉर्टचा ९ होलचा कोर्स आहे. दोन फेऱ्या मारल्या की १८ होल होतात. मोबोरच्या सेंट रेजिस रिसॉर्टमध्ये (पूर्वीचं लीला) १२ होलचा छोटा कोर्स आहे आणि बाणावलीच्या ताज एक्झॉटिकात ९ होलचा लहानसा. तिन्ही सासष्टी-काणकोण पट्ट्यात आहेत. मोपाला विमानातून उतरून थेट काणकोणला जायचं तर शंभर किलोमीटरच्या आसपास रस्ता कापावा लागतो. सकाळची वेळ घेतली असेल तर आदल्या रात्रीच दक्षिणेत मुक्काम करा. हे कोर्स रिसॉर्टचे असल्यामुळे बाहेरच्या खेळाडूला कधी प्रवेश आहे, भाड्याच्या क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) मिळतात का आणि पावसाळ्यात कोर्स चालू असतो का, हे फोन करून विचारल्याशिवाय निघू नका.

पर्यटकाला खेळता येईल असा पूर्ण १८ होलचा कोर्स गोव्यात का नाही?

जागा आणि पाणी, ही दोन कारणं. पुरेशा लांबीच्या १८ होलना साधारण ५० ते ६० हेक्टर सलग जमीन लागते. आपल्याकडे किनाऱ्यावर सीआरझेडचे (किनारपट्टी नियमन क्षेत्राचे) निर्बंध आहेत, आत खाजन शेती (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली) आहे, तिच्या मागे लगेच डोंगर सुरू होतो. पाऊस धो धो पडतो, पण तो चार महिन्यांत. गवताला पाणी हवं असतं ऑक्टोबर ते मे, म्हणजे नेमकं गावच्या विहिरी खाली जातात तेव्हा. तेरेखोलला गोल्फ प्रकल्प येऊ घातला तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला, तो या जमीन-पाण्याच्या हिशेबातून समजून घ्यायला हवा. या राज्याला नीट राखलेले ९ होल पुरेसे आहेत. १८ होलसाठी पुण्या-बंगळूरला जाणं परवडतं.

छोट्या कोर्सवर शिकलेला खेळाडू बाहेर कुठे अडतो?

तीन ठिकाणी, आणि तिन्हींची तयारी घरून करता येते.

पहिलं म्हणजे बॅगेतल्या मधल्या क्लब. छोट्या कोर्सवर वेज, ९ आयर्न (जवळच्या फटक्यांच्या क्लब) आणि पटर (चेंडू होलकडे घरंगळवायची क्लब) यांवर काम भागतं. मोठ्या कोर्सवर पार ४ च्या, म्हणजे चार फटक्यांत पुऱ्या करायच्या होलच्या, दुसऱ्या फटक्याला १६० ते १९० यार्ड उरतात आणि तिथे हायब्रिड किंवा ५ वूड लागते, जी महिनोन् महिने हातात घेतलेली नसते. निघण्याआधी निदान तीन आठवडे सरावातले निम्मे चेंडू याच क्लबने मारा, आणि टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर) नव्हे, गवतावर ठेवून.

दुसरं, लांब पट, म्हणजे पटरने घरंगळवलेला फटका. मोठ्या ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) २० पावलांचा पट सहज वाट्याला येतो. तो होलमध्ये घालवायचा नसतो, जवळ न्यायचा असतो. १०, १५ आणि २० पावलांवरून प्रत्येकी दहा चेंडू मारा आणि होलभोवतीच्या एका पटर-लांबीच्या वर्तुळात किती थांबले ते मोजा. दहापैकी सहा थांबेपर्यंत हाच सराव चालू ठेवा. ड्रायव्हरने (सर्वांत लांब मारायच्या क्लबने) शंभर चेंडू मारण्यापेक्षा हा कंटाळवाणा सराव जास्त फटके वाचवतो.

तिसरं, दम. १८ होल चालत खेळले की ८ ते १० किलोमीटर होतात आणि सव्वाचार-साडेचार तास जातात. चौदाव्या होलनंतर पाय जड झाले की कंबर वळत नाही, हात एकटे फिरतात आणि चेंडू डावीकडे ओढला जातो. दर तीन होलला थोडं खा. केळं, चिक्की, भाजलेले शेंगदाणे, काहीही चालेल. पाणी तहान लागायच्या आधी प्या आणि उन्हात ओआरएसची दोन पाकिटं बॅगेत ठेवा.

गवत वेगळं म्हणजे काय? चेंडू तर तोच असतो ना?

चेंडू तोच, पण वाट बदलते. उष्ण प्रदेशात बहुतेक ठिकाणी बर्म्युडा जातीचं गवत असतं. त्याची पाती एका दिशेला झुकून वाढतात. खेळाडू याला ग्रेन म्हणतात. होलच्या दिशेने पाहताना गवत चकाकतं आहे असं दिसलं तर पाती तुमच्यापासून दूर झुकली आहेत आणि पट जोरात जाईल. काळपट, गडद दिसलं तर पाती तुमच्याकडे आहेत आणि चेंडू अडखळेल. शंका राहिली तर होलची कड बघा. जी बाजू झिजलेली, तुटकी आणि तपकिरी असते, त्या बाजूकडे गवत वाढत असतं. उतार उजवीकडे आणि ग्रेन डावीकडे असेल तर छोट्या पटमध्ये दोन्ही एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात आणि चेंडू सरळ जातो. नवख्याला ते पटत नाही, म्हणून तो उतार धरून मारतो आणि चुकतो.

ग्रीनच्या कडेला ग्रेन जास्त त्रास देतो. पाती तुमच्या दिशेला असतील तर वेजची धार रुतते आणि चेंडू दोन हातांवर पडतो. अशा वेळी वेज बाजूला ठेवा आणि पटर किंवा हायब्रिडने चेंडू सरपटवा.

समुद्रकाठच्या नव्या कोर्सवर पास्पलम गवत दिसतं. ते खारं पाणी सोसतं, म्हणून निवडलं जातं. त्याच्यावर ग्रेन कमी जाणवतो, पण पानं चिवट असतात. चिप (ग्रीनच्या कडेवरून मारलेला छोटा फटका) टप्पा खाऊन लगेच थांबते. होलपर्यंत घरंगळेल या हिशेबाने मारलेली चिप इथे निम्म्यात राहते, तेव्हा टप्पाच होलच्या जवळ टाका.

थंड प्रदेशातल्या बेंट आणि फेस्क्यू गवतावर ग्रेन जवळजवळ विसरायचा आणि फक्त उतार बघायचा.

देशात पहिल्यांदा बाहेर पडायचं तर कुठे जावं?

पुणे. जवळ आहे, हवा बरी आहे आणि दोन अगदी वेगळ्या जातीचे १८ होल मिळतात. येरवड्याचा पूना क्लब कोर्स जुन्या झाडांमधला आहे आणि चालायला सोपा आहे. बावधनच्या बाजूचा ऑक्सफर्ड डोंगरउतारावर आहे. तिथे चेंडू क्वचितच सपाटीवर बसतो. चेंडू पायांपेक्षा वर असेल तर तो डावीकडे जातो (उजव्या हाताच्या खेळाडूचा), खाली असेल तर उजवीकडे. हे पाठ करूनच जा.

त्यानंतर बंगळूर. तिथला बंगळूर गोल्फ क्लब १८७६ चा. कर्नाटक गोल्फ असोसिएशनचा कोर्स त्या मानाने नवा आणि लांब आहे. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सवर दोन्ही बाजूंना झुडपं इतकी दाट आहेत की आत गेलेला चेंडू गेलाच. तिथे ड्रायव्हर बॅगेत राहू द्या आणि ३ वूड किंवा हायब्रिडने पहिला फटका मारा. मुघलकालीन थडगी आणि मोर बघायला मिळतात ते वेगळंच. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा आहे, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. कोर्स सपाट, पण तळी जागोजाग. तिथे पाण्याच्या अलीकडे मुद्दाम थांबायची शिस्त लागते. क्लब मानाचे असल्यामुळे बहुतेक ठिकाणी सदस्याची ओळख किंवा पाहुणा म्हणून नोंद लागते. शनिवार-रविवारी ती मिळणं कठीण, म्हणून मंगळवार ते गुरुवार धरा.

उंचावरच्या कोर्सवर चेंडू खरंच लांब जातो का?

जातो. हवा विरळ असते, रोध कमी पडतो. ढोबळ हिशेब असा: समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना एक टक्क्याहून किंचित जास्त. बंगळूर सुमारे ९०० मीटरवर आहे, म्हणजे साडेतीन टक्के. १५० यार्डांचा फटका १५५ जाईल. गुलमर्गला (सुमारे २,६५० मीटर) तोच १६५ च्या आसपास. उटीचा फरक या दोघांच्या मधला. विरळ हवेत फिरकीही कमी चालते, त्यामुळे स्लाइस (उजव्या हाताच्या खेळाडूचा उजवीकडे वळणारा फटका) कमी वळतो आणि चेंडू ग्रीनवर कमी थांबतो. पहिल्या तीन होलवर एक क्लब कमी (एक पायरी कमी लांब जाणारी) घ्या आणि मग हिशेब बसवा.

गोव्याची दमट हवा जड असते आणि चेंडू अडवते, असं अनेकजण सांगतात. दमट हवा प्रत्यक्षात कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. चेंडू कमी जातो तो ओल्या ग्रिपमुळे, भिजलेल्या गवतामुळे आणि घामेजल्या अंगामुळे.

हँडिकॅप नसेल तर परदेशात खेळू देतात का?

हँडिकॅप म्हणजे खेळाडूला त्याच्या कौशल्यानुसार मिळणारी फटक्यांची सूट. ती नसली तरी रिसॉर्टचे कोर्स खेळू देतात, नामांकित कोर्स दाखला मागतात. भारतात तो इंडियन गोल्फ युनियनच्या (स्थापना १९५५) व्यवस्थेतून क्लबमार्फत मिळतो. सुरुवातीला ५४ होलची कार्डं लागतात. ती ९ किंवा १८ होलच्या फेऱ्यांची मिळून चालतात, पण कोर्स रेटिंग झालेला हवा आणि कार्डावर सहखेळाडूची सही हवी. पुढे शेवटच्या २० फेऱ्यांतल्या उत्तम ८ धरल्या जातात. कमाल हँडिकॅप इंडेक्स ५४.०.

प्रवासात इंडेक्स तसाच वापरायचा नसतो. सूत्र असं: इंडेक्स × स्लोप ÷ ११३ + (कोर्स रेटिंग − पार). रेटिंग म्हणजे निष्णात खेळाडूला तिथे साधारण लागणारे फटके, स्लोप म्हणजे सामान्य खेळाडूला कोर्स त्या मानाने किती अवघड, आणि पार म्हणजे कोर्सचे ठरलेले फटके. इंडेक्स १८.० धरा. स्लोप १२५, रेटिंग ७०.२, पार ७२ असेल तर १९.९ मधून १.८ वजा होऊन कोर्स हँडिकॅप १८ येतो. स्लोप १३८ आणि रेटिंग ७३.५ असलेल्या, पार ७२ च्याच कोर्सवर तोच खेळाडू २३ वर जातो. म्हणजे तिथे ९५ चं कार्ड काही वाईट नाही. स्लोप आणि रेटिंग टीनुसार (पहिला फटका मारायच्या जागेनुसार) बदलतं, म्हणून कार्डावर आपल्या टीच्या रंगाची ओळ बघा.

जवळच्या परदेशात काय बघावं? श्रीलंका की थायलंड?

श्रीलंका आधी. रॉयल कोलंबो गोल्फ क्लब १८७९ चा आहे आणि त्याच्यातून रेल्वेचा रूळ जातो. गाडी येताना दिसली की थांबायचं. नुवारा एलियाचा कोर्स १,८०० मीटरांहून उंच आहे. फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतची कापलेल्या गवताची वाट) अरुंद, झाडं उंच आणि दुपारी धुकं उतरतं, म्हणून सकाळची वेळ घ्या. कँडीजवळ दिगाणाचा व्हिक्टोरिया कोर्स जलाशयाच्या काठावर आहे. निसर्ग आणि कोर्स यांचा असा मेळ फार थोड्या ठिकाणी दिसतो.

थायलंडमध्ये कॅडी (बॅग सांभाळणारा मदतनीस) घ्यावाच लागतो, तोही प्रत्येकी एक. बहुतेक कॅडी महिला असतात आणि ग्रीन वाचण्यात त्यांचा हात धरणारा विरळा. कॅडी फी पावतीत असते, बक्षीस वेगळं आणि रोखीने द्यायचं. साधारण ३०० ते ५०० बात जवळ ठेवा. त्यांनी सांगितलेली पटची रेषा आणि तुमची रेषा जुळत नसेल तर पहिले चार होल त्यांचं ऐका.

आखातात नोव्हेंबर ते मार्च. दुबईच्या एमिरेट्स क्लबचा मजलिस कोर्स १९८८ साली उघडला, त्या भागातला पहिला पूर्ण गवताचा. हिवाळ्यासाठी नवं बी पेरतात तेव्हा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला, अनेक कोर्स काही काळ बंद असतात किंवा खडबडीत असतात.

सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सवर खेळायला कसं मिळतं?

आधी आरक्षण मिळालं नसेल तर सोडत. खेळायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी नावं द्यायची. त्यासाठी किमान दोन खेळाडू लागतात आणि हँडिकॅपचा दाखला लागतो. एकट्या खेळाडूसाठी वेगळी रोजची सोडत असते, पण ती आदल्या दिवशी तिथे प्रत्यक्ष हजर राहून. रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो आणि गावकरी तिथे फिरायला येतात. म्हणून एकच दिवस हाताशी ठेवून जाऊ नका. सोमवार ते गुरुवार असा मुक्काम ठेवा आणि रोज नाव द्या. नाव लागेपर्यंत न्यू (१८९५), ज्युबिली किंवा ईडन खेळा. ९ होलचा बाल्गोव्हही आहे, मुलांना घेऊन गेलात तर उत्तम.

ओल्ड कोर्सवर ११२ बंकर (वाळूचे खड्डे) आहेत आणि सात ग्रीन जोडीच्या आहेत. दोन होल एकाच ग्रीनवर येतात आणि त्यांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी १८ भरते: २ आणि १६, ३ आणि १५, याप्रमाणे. त्यामुळे ८० पावलांचा पट अशक्य नाही. संकटं बहुतांशी उजवीकडे असतात, शंका आली की डावीकडे मारा. हिवाळ्यात फेअरवेवर छोटी चटई ठेवून त्यावरून चेंडू मारावा लागतो, त्यामुळे तिकीट काढताना मे ते सप्टेंबर धरलेलं बरं.

लिंक्सवर वाऱ्यात काय बदलायचं?

बरंच काही. लिंक्स म्हणजे समुद्राकाठची वालुकामय, कडक, झाडं नसलेली जमीन. पाणी लगेच मुरतं, चेंडू घरंगळत राहतो. ग्रीनवर थेट टाकलेला उंच चेंडू टणकन उडून मागे जातो. टप्पा ग्रीनच्या पाच ते दहा मीटर अलीकडे पाडा आणि बाकीचं जमिनीवर सोपवा. ४० यार्डांवरून ७ आयर्नची धावती चिप हा तिथला रोजचा फटका आहे.

समोरच्या वाऱ्याचा हिशेब: ताशी १० मैलांना, म्हणजे १६ किलोमीटरना, सुमारे दहा टक्के. ताशी २० मैलांच्या वाऱ्यात १५० यार्ड म्हणजे १८० धरा. मागून वारा असेल तर फायदा त्याच्या निम्माच मिळतो, १५० चे १३५. समोरच्या वाऱ्यात जोर लावणं ही सर्वांत महागडी चूक आहे. जोराने फिरकी वाढते, फिरकीने चेंडू वर चढतो आणि वारा त्याला मागे लोटतो. दोन-तीन क्लब जास्त (तेवढ्या पायऱ्या लांब जाणारी) घ्या, ग्रिप इंचभर खाली धरा, चेंडू थोडा मागे ठेवा आणि पाऊण स्विंग करा.

वेज घेताना बाउन्स (क्लबच्या तळाचा कोन) बघा. मऊ वाळूत आणि ओल्या गवतात १२ ते १४ अंश चांगला, पण कडक लिंक्सवर तो आपटून उसळतो आणि चेंडूच्या पोटावर बसतो. तिथे ६ ते ८ अंश ठेवा.

बंकर विहिरीसारखे खोल असतात. समोरच्या भिंतीला चिकटलेला चेंडू बाजूला किंवा मागे काढा. तेही जमत नसेल तर न खेळण्याजोगा जाहीर करा: बंकरमध्येच टाकल्यास एक दंड, बंकरबाहेर मागे टाकल्यास दोन. दोन दंड पत्करणं अनेकदा स्वस्त पडतं. पिवळ्या फुलांचं काटेरी गॉर्स दिसलं तर आत हात घालू नका.

थंडीचाही हिशेब आहे. गोव्याच्या ३२ अंशांतून स्कॉटलंडच्या १२ अंशांत गेलात तर ड्रायव्हर ५ ते ८ यार्ड कमी जातो, आणि जॅकेटच्या थरांनी अजून थोडा.

विमानात क्लब कशा बांधायच्या?

केबिनमध्ये क्लब नेता येत नाहीत, चेक-इनच करावं लागतं. पूर्ण संच बॅगेसह १२ ते १५ किलो भरतो. देशांतर्गत १५ किलोची मर्यादा असेल तर कपड्यांना जागा उरत नाही, म्हणून वजन आधीच विकत घ्या. विमानतळावर ते महाग पडतं. एका नगाचं वजन ३२ किलोच्या वर कुठेच घेत नाहीत.

ड्रायव्हर आणि वूडचं डोकं सुटं होत असेल तर काढून मोज्यात घाला. पाना चेक-इनमध्येच ठेवा, केबिनमध्ये तपासणीत अडतो. सर्वांत लांब क्लबपेक्षा दोन-तीन इंच उंच अशी आधाराची काठी मधोमध उभी करा. बॅग उलटी आपटली तर भार काठीवर जातो, शाफ्टवर नाही. डोक्यांच्या मधे टॉवेल आणि जर्सी कोंबा. २४ चेंडूंचं वजन जेमतेम १.१ किलो होतं, तेवढे न्या. अंतरमापकाची लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत. विजेवरच्या ट्रॉलीची बॅटरी १६० वॉट-तासांच्या वर असेल तर प्रवासी विमानात चालत नाही.

बुटांना लागलेली माती धुवावी लागते का?

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जात असाल तर नक्की. माती, बी, गवत त्यांना चालत नाही. बूट, टी आणि क्लबची खोबणी ब्रशने घासून धुवा, पूर्ण वाळवा आणि प्रवेशपत्रावर गोल्फचं सामान लिहून द्या. लिहिलं नाही आणि माती सापडली तर दंड होतो.

गोव्याच्या हवेत सामान खराब होतं, ते कसं टिकवायचं?

खारा वारा आणि पावसाळ्यातली बुरशी, दोन्ही क्लबना खातात. काणकोणला खेळून आलात की डोकी गोड्या पाण्याने धुऊन पुसा. फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) वेजवर तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. ग्रिप कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने घासा, दोन तास सावलीत वाळवा. कातडी हातमोजा बॅगेत चुरगळून ठेवू नका, पसरून वाळवा. जून ते सप्टेंबर बॅग उघडी, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. पावसाळी हातमोज्यांची जोडी वेगळी मिळते. ती ओली झाल्यावर जास्त घट्ट पकडते.

फेअरवेवर पाणी साचलंय, चेंडू चिखलात रुतलाय, कावळ्याने उचलून नेला. दंड बसतो का?

तिन्हींत नाही. साचलेल्या पाण्यातून फुकट सुटका मिळते. पाणी नसलेली जवळची जागा धरायची (होलच्या जवळ न जाता) आणि तिथून एका क्लबच्या लांबीत चेंडू टाकायचा. स्वतःच्या आघाताने रुतलेला चेंडूही असाच, मात्र बंकर आणि पेनल्टी एरिया (तळ्यासारखी, दंडाची आखलेली जागा) सोडून. कावळ्याने किंवा कुत्र्याने नेला हे माहीत असेल किंवा जवळजवळ खात्रीचं असेल तर मूळ जागेवर दुसरा ठेवा. नुसती शंका असेल तर शोधायला तीन मिनिटं मिळतात, त्यानंतर चेंडू हरवला. चेंडूजवळ साप दिसला तर धोकादायक प्राण्याच्या नियमाने सुटका मिळते. विजा चमकल्या तर भोंग्याची वाट न बघता खेळ थांबवता येतो, आणि थांबवाच.

कार्डावरचं अंतर यार्डात की मीटरात?

भारतात आणि ब्रिटनमध्ये यार्ड, ऑस्ट्रेलियात आणि युरोपच्या मुख्य भूमीवर मीटर. मीटरला १.०९ ने गुणा: १५० मीटर म्हणजे १६४ यार्ड, पूर्ण एका क्लबचा फरक.

कपडे?

कॉलरचा शर्ट आत खोचलेला, जीन्स नाही, बुटाला रबरी खिळे. एवढं कुठेही चालतं.

आरक्षण करण्याआधी कोर्सला कोणते प्रश्न विचारावेत?

सर्वांत आधी: ग्रीनला भोकं कधी पाडणार? मुळांना हवा मिळावी म्हणून वर्षातून एक-दोनदा ग्रीनमधून मातीच्या गुळ्या काढून वाळू भरतात. दोन-तीन आठवडे चेंडू उड्या मारत जातो. ग्रीन फी (खेळायचं शुल्क) मात्र बहुधा तीच राहते. हा प्रश्न विचारला नाही म्हणून वाया गेलेल्या सहली फार आहेत. मग चालायला परवानगी आहे की कार्ट सक्तीची, कॅडी फी धरलेली आहे का, भाड्याच्या संचात डाव्या हाताच्या किंवा महिलांच्या क्लब आहेत का, पाऊस आला तर पैसे परत की दुसरी वेळ, हे विचारा. आणि उत्तरं ईमेलवर लेखी घ्या, कारण फोन उचलणारा माणूस आणि त्या सकाळी काउंटरवर असणारा माणूस बहुधा वेगळे असतात.